सहाचं मशीन

माझ्या मोठ्या भावाचं नांदगाव खंडेश्वरला पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. नव्या मोटारी विकतो, जळालेल्यांचं वाइंडिंग करून देतो. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती एचपीची? विहिरीला पाणी किती, पाइप केवढा, हे नंतर. तीनची पुरणारा माणूस पाचची नेतो, आणि शेजाऱ्याकडे पाचची असेल तर साडेसातची. भाऊ कुणाला अडवत नाही. गिऱ्हाइकाशी वाद घालून दुकान चालत नाही, असं त्याचं म्हणणं आहे आणि ते खरंही असेल.

मी अमरावतीत एका खाजगी कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशनच्या मशीनवर काम करते. फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाले, मग या कामाचा डिप्लोमा केला. पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं, छातीवर किंवा गळ्यावर जांभळ्या शाईने आखलेल्या रेघा मशीनच्या उजेडाशी जुळवायच्या, जाड दार लावून बाहेर यायचं आणि काचेच्या पडद्यावर नजर ठेवून बटण दाबायचं. वीस-बावीस वर्षं हेच करते आहे. आमच्याकडे याला कुणी रेडिएशन म्हणत नाही. शेक म्हणतात. गुडघ्याला विटेचा शेक देतात तसा हा कॅन्सरचा शेक. पहिल्या दिवशी पेशंट बाहेर आला की नातेवाईक विचारतात, “गरम लागलं काय?” तो म्हणतो, “नाई, काईच लागलं नाई.” तिथूनच शंका सुरू होते. ज्याचा चटका बसत नाही तो कसला शेक?

कोरोना सरला त्याच्या पुढच्या वर्षी वहिनीला, म्हणजे या भावाच्या बायकोला, स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. हे सगळं तिने कपाळाला आठी न पाडता उरकलं. तिची फुलशेती आहे. भावाची नाही, तिची. दोन एकरांत शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. भाऊ दुकानात बसतो, मळा वहिनी बघते. केमोच्या दिवसांतही ती डोक्याला रुमाल बांधून पहाटे फुलं तोडायला उभी असायची. नंतर शेकाची पाळी आली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी पाच आठवडे सांगितले, शनिवार-रविवार सोडून रोज. वहिनीने तिथल्या तिथे हिशोब बसवला. पहाटे तोडा करायचा, फुलांच्या पोत्यांसोबत टेम्पोत बसून अमरावतीला यायचं, मार्केटमध्ये माल उतरवायचा, तिथून आमच्याकडे यायचं, शेक घ्यायचा आणि दुपारच्या एसटीने घरी. मी म्हटलं, “माझ्याकडे राहा न वं, कशाला तंगडतोड करता?”

“बाई, तुमच्या घरी बसून मी काय करू? भिंती पाहू?” ती म्हणाली.

तिच्या छातीवर रेघा मीच आखल्या. त्या पाच आठवडे पुसायच्या नसतात, म्हणून तेवढ्या भागावर साबण-पाणी बंद. उन्हाळा तोंडावर होता. ती म्हणाली, “औषध फवारलेल्या फुलांच्या मयावर ‘आत येऊ नका’ म्हून फडकं बांधते, तसं दिसून राह्यलं.” टेबलावर ती मुकाट पडून राहायची. हलू नका असं दोनदा सांगावं लागलं नाही.

दोन आठवडे असे सुरळीत गेले. एवढंच सुरळीत गेलं.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी भाऊ स्वतः तिच्यासोबत आला. बाहेरच्या बाकावर बसला. त्याचा साडू अकोल्याला असतो, त्याने फोनवर काहीतरी सांगितलं होतं. मी चहा घ्यायला बाहेर आले तेव्हा त्याने दुकानात ऐकतो तोच प्रश्न मला विचारला.

“बाई, तुमचं हे मशीन किती पावरचं हाय?”

“सहाचं,” मी म्हटलं.

कामाच्या सवयीने तोंडातून गेलं. आम्ही आपसांत असंच बोलतो. सहाचं म्हणजे साठ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचं. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे अणूच्या आतल्या जगात ऊर्जा मोजायचं माप. एका इलेक्ट्रॉनला एका व्होल्टचा धक्का दिला की त्याच्यात जेवढी ऊर्जा येते तेवढं एक. घरच्या विजेच्या मापाने ते मोजायला गेलं तर शून्यानंतर टिंब आणि टिंबानंतर शून्यांची रांगच लागेल. म्हणून हे वेगळं माप. तेही फार लहान पडतं, म्हणून दहा लाखांचा एक गठ्ठा बांधतात, त्याला मेगा म्हणतात. शंभर कोटींचा गठ्ठा गिगा, लाख कोटींचा टेरा. फिजिक्सवाले तर कणांचं वजनही याच मापात सांगतात, ग्रॅमचं नाव काढत नाहीत. इलेक्ट्रॉनचं वजन अर्धा मेगा, प्रोटॉनचं जवळपास एक गिगा. आकडा तोंडात मावला पाहिजे, एवढाच त्यामागचा व्यवहार. तूर कुणी ग्रॅमवर विकत नाही, तसंच. आमच्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनला असे सहा मेगा देऊन धातूच्या तुकड्यावर आदळतात. त्यातून क्ष-किरण निघतात. तोच शेक. म्हणून सहाचं मशीन.

भावाला फक्त सहा ऐकू आलं.

“सहाच?” तो म्हणाला. “तिकडं अकोल्यात पंधराचं हाय. साडभाऊ म्हने.”

“असेल. पण वहिनीला पंधराचं काय करायचं? दादा, पंधराचा जोर आत गेल्यावर लागतो. वरची कातडी तो सोडून देतो. पोटातली गाठ असली तर ठीक हाय. वहिनीची गाठ तर काढून टाकली. आता कातडीच्या जवळचं जे राहिलं असंन ते मारायचं हाय. त्याले सहाच लागतं.”

“म्हंजे जास्त पावरनं कमी काम होते?”

“तू उथळ विहिरीवर साडेसातची मोटर बसवतो का?”

“तुले मोटरीतलं काय समजते वं?” तो हसला. “अन् मशीन अन् मोटर एक हाय का?”

मग त्याला पटावं म्हणून मी आणखी एक सांगितलं, आणि ते सांगायला नको होतं असं मला त्यानंतर कितीतरी लोकांनी सुनावलं. मी म्हटलं, नुसत्या आकड्यावर जाऊ नको. एक डास उडतो ना, त्याच्या उडण्यातच लाखभर कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. आमच्या एका इलेक्ट्रॉनच्या दीड लाख पट. पण डास आपटून कुणी मरत नाही, कारण ती ऊर्जा त्याच्या अख्ख्या अंगात वाटलेली असते. इथं ती एवढ्याशा एका कणात कोंबलेली आहे. किती आहे यापेक्षा कशात आहे आणि कुठे पोचते, ते बघायचं.

कॉलेजात हे ऐकून आम्ही थक्क झालो होतो. भाऊ बाकावरच्या शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, “पाह्य, बहीन काय सांगून राह्यली. मच्छरापेक्षाबी कमी पावर हाय म्हने.”

शेजारी परतवाड्याचा होता, आपल्या वडिलांना घेऊन आलेला. त्याचाही चेहरा उतरला. मला त्यालाही समजवावं लागलं. तेवढ्यात आतून हाक आली आणि मी गेले. आमचे डॉक्टर संध्याकाळी भावाशी बोलले. शांतपणे, पंधरा मिनिटं. “अर्ध्यातून बदलू नका. खंड पडला तर फायदा कमी होतो. मशीन हेच योग्य आहे.” भाऊ मान डोलावत राहिला. तो गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही, तसा डॉक्टरांशीही घालत नाही.

बुधवारी वहिनी आली नाही. फोन केला तर भावाने उचलला.

“अकोल्याले नेऊन राह्यलो तिले. साडभावानं बोलून ठेवलं हाय.”

“दादा, डोकं ठिकानावर हाय का? अर्ध्यात सोडत नसतात. तिकडं लगेच सुरू होत नाई. पुन्हा सगळं मोजमाप करतीन, पुन्हा नंबर लागंन.”

“लागू दे. आठ-दहा दिवसानं काई होत नाई. तुह्या मशीनवर राहून पुढे काई झालं तर लोकं मलेच म्हनतीन न, का बहिनीच्या दवाखान्यात फुकटात केलं म्हून.”

हे खरं कारण होतं. बहिणीकडे केलं म्हणजे स्वस्तात काढलं, असं कुणी म्हणू नये. घरातल्या माणसाचं ज्ञान घरातच असल्यामुळे आमच्याकडे त्याला किंमत नसते. मी परक्या गावात, परक्या बाईसारखी, पांढरा कोट घालून हेच बोलले असते तर त्याने हात जोडून ऐकलं असतं.

“वहिनीले दे,” मी म्हटलं.

“ती बॅग भरून राह्यली,” म्हणाला आणि फोन ठेवला.

अकोल्याच्या दवाखान्याची यात काही चूक नाही. त्यांनी नियमाप्रमाणे केलं. दुसऱ्यांनी आखलेल्या रेघांवर कुणी शेक देत नाही, देऊही नये. त्यांनी आमच्या रेघा स्पिरिटने पुसल्या, नव्याने स्कॅन काढला, नवीन प्लॅन केला, नव्या रेघा आखल्या. त्यांच्याकडे आधीच रांग होती. आमच्याकडचे कागद भावाने नेलेच नव्हते, ते मी कुरिअरने पाठवले. पहिला शेक बसेपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त दिवस गेले. जखमेच्या कडेला उरलेल्या पेशींना एवढी उसंत पुरते. वहिनी तिकडे साडूच्या घरी एका खोलीत राहत होती. मळा गड्यांवर सोडला होता. शेवंती झाडावरच वाळली, हे मला तिने नाही, टेम्पोवाल्याने सांगितलं.

मी एक दिवस रजा काढून अकोल्याला गेले. मशीनवर माझ्यासोबत डिप्लोमा केलेली मैत्रीण होती. तिने मला कंट्रोल रूममध्ये बसवलं. समोरच्या स्क्रीनवर वहिनी टेबलावर पडलेली दिसत होती, तशीच न हलता. बाजूच्या स्क्रीनवर बाकी आकड्यांसोबत ऊर्जेचा चौकोन होता. त्यात ६ लिहिलं होतं.

“तुमच्याकडे पंधरा आहे ना?” मी विचारलं.

“आहे की. पोटाच्या, कमरेच्या केसेसला वापरतो. छातीला कोण पंधरा देईल? वेडी आहेस का?” ती म्हणाली.

म्हणजे एवढा घाट घालून वहिनी शंभर किलोमीटर लांब येऊन तोच सहाचा शेक घेत होती. तेच किरण, तेवढीच ऊर्जा. बदललं फक्त गाव, आणि मध्ये पडलं तीन आठवड्यांचं भोक.

बाहेर भाऊ आणि साडू बाकावर बसले होते. मी सरळ जाऊन सांगितलं.

“दादा, अठीबी सहाच देऊन राह्यले.”

“कोन म्हनते?”

“मी पाह्यलं. स्क्रीनवर लिहिलं हाय.”

साडू म्हणाला, “बाई, मशीनवर बोर्ड पंधराचा हाय. आमी इतके दिवस पाहून राह्यलो.”

“मशीन दोन्ही देते. वहिनीला सहा लावलंय.”

भाऊ उठला आणि तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेला. तिथे गर्दी होती. डॉक्टर कामात होते. पाच मिनिटांत परत आला. चेहऱ्यावर समाधान.

“डॉक्टर म्हनते, पेशंटले जे योग्य हाय तेच देऊन राह्यलो. बस. आता तू नको डोकं लावू.”

“सहा देऊन राह्यले का पंधरा, ते विचारलं का तू?”

“मी कावून विचारू? तो डॉक्टर हाय. तुले तुह्या दवाखान्याचं वाईट वाटून राह्यलं, मले समजते.”

मी वहिनीला भेटायला कपडे बदलायच्या खोलीत गेले. ती ब्लाउजचे हुक लावत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, भिंती पातळ होत्या. मी म्हटलं, “वहिनी, मी सांगितलं होतं त्याला.”

“तुमी सांगितलं, त्यायनं सांगितलं,” ती म्हणाली. “सहा, पंधरा, मच्छर. दोघं भाऊ-बहीन आकडे मोजून राह्यले होते. मले कोनं विचारलं? मले टेम्पो होता, माहा मया होता, दुपारी घरी जाऊन भाकर खात होती. मी अमरावतीलेच बरी होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

“मग बोलायचं न!”

“बोलली. बॅग भरता भरता बोलली. ते फोनवर तुमच्याशी बोलून राह्यले होते.”

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवण्यासारखं नाही. शेक पूर्ण झाला. वर्ष व्हायच्या आत तिच्या छातीवर, जिथे टाके होते त्याच रेषेवर, दाण्यांसारखे फोड उठले. ते फोड नव्हते. पुढे फुफ्फुसात गेलं. खंड पडल्यामुळेच झालं का, असं मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “सांगता येत नाही. खंड न पडता पण होतं.” हे बरोबर आहे. एका माणसाबद्दल तसं कुणालाच सांगता येत नाही. मला तसं वाटतं आणि ते सिद्ध करता येत नाही, एवढाच माझ्यात आणि त्यांच्यात फरक.

वहिनीच्या तेराव्याला घरात माणसं मावत नव्हती. भाऊ ओट्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, “पंधरा पावरचा शेक देला तिले. अकोल्याले नेऊन. काईच कमी नाई केलं.” लोक माना हलवत होते. पंधरा हा आकडा ऐकून त्यांना बरं वाटत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटं घेऊन उभी होते. तिथूनच म्हटलं, “सहाचा होता.”

साडू म्हणाला, “बाई, आता सोडा न. आजच्या दिवशी तरी.”

भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचा माणूस पायऱ्या चढून आला, त्यालाही त्याने पंधराच सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं, आजही वाटतं. त्याने जगायचं कसं याची सोय त्या आकड्यात आहे, ते मला कळतं. कळलं म्हणून पटत नाही.

आता आम्ही कामापुरतं बोलतो. राखीला मी कुरिअर करते. त्याच्या दुकानात कुणाच्या घरच्या कॅन्सरचा विषय निघाला की तो सल्ला देतो, हे मला तिकडून येणाऱ्यांकडून कळतं. “अमरावतीचं कमी पावरचं हाय. माही सख्खी बहीन तठी मशीनवर हाय, तिनंच मले सांगितलं.” माझ्या नावावर तो लोकांना शंभर किलोमीटर लांब पाठवतो. काही जातात. काही शेकाच्या मधल्या आठवड्यातच जातात.

म्हणून मी बोलायची पद्धत बदलली. मशीनची मापं तपासणाऱ्या आमच्या फिजिसिस्टला ती आवडत नाही, तो तरुण आहे, त्याला एककं नीट लागतात. मी म्हटलं, यात चूक काय ते दाखव. चूक काहीच नव्हती.

गेल्या महिन्यात धामणगावचा एक माणूस बायकोला घेऊन आला. तसंच ऑपरेशन, तशाच रेघा. बायको आत टेबलावर होती. मी दार लावायला निघाले तर त्याने अडवलं.

“म्याडम, मशीन किती पावरचं हाय?”

“साठ लाख,” मी म्हटलं.

त्याचे डोळे मोठे झाले. “साठ लाख?”

“साठ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट.”

“बापा!” मग आवाज खाली आणून म्हणाला, “अन् अकोल्याले किती हाय?”

“या आजाराले तिकडंही साठ लाखच देतात.”

“मंग अठीच बरं हाय न, जवय पडते,” म्हणाला, बाकावर जाऊन बसला आणि मोबाइल काढून घरी फोन लावला. त्याचा आवाज कॉरिडॉरभर ऐकू येत होता. साठ लाखाचं हाय, मी स्वतः विचारलं, काई टेन्शन घेऊ नका.

त्याच्या बायकोला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी तिला हलू नका म्हटलं, बाहेर येऊन दार लावलं आणि बटण दाबलं.